तोंड-घशाच्या कॅन्सरला शेक घेताना: आधीची तयारी, रोजचा क्रम आणि नेमकं कुठे चुकतं

जीभ, गाल, हिरडी, घसा, स्वरयंत्र, यांपैकी कुठल्याही कॅन्सरला रेडिएशन, म्हणजे किरणांचा शेक, लागणार म्हटलं की सगळं घर एकाच प्रश्नामागे लागतं: पहिली तारीख कधी मिळणार? पहिली तारीख मिळते. पेशंट अडतो तो चौथ्या-पाचव्या आठवड्यात. तोंड सोललेलं असतं, पाणी गिळवत नाही, वजन उतरलेलं असतं, आणि घरचे म्हणतात, "चार दिवस विश्रांती घेऊ द्या, मग पुढचे शेक घेऊ." शेक विभागात काम करताना हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकते की हा लेख त्याच्यासाठीच लिहिते आहे.

ऑपरेशन न करता शेकावरच उपचार असेल तर साधारण ७० ग्रे (ग्रे हे किरणांचा डोस मोजायचं एकक) डोस ३५ शेकांत देतात, सोमवार ते शुक्रवार, सात आठवडे. ऑपरेशननंतरचा शेक साधारण ६० ते ६६ ग्रे, म्हणजे ३० ते ३३ शेक. तुमच्या डॉक्टरांनी वेगळा आकडा दिला असेल तर तोच खरा. उपचार सुरू होऊन तीन-चार आठवडे झाले की उरलेल्या कॅन्सरच्या पेशी जास्त वेगाने वाढू लागतात, त्यामुळे त्या टप्प्यावरचा खंड सर्वांत महाग पडतो. एकूण उपचार जितके दिवस लांबेल त्यातल्या दर दिवसामागे रोग ताब्यात येण्याची शक्यता साधारण एक ते दीड टक्क्याने कमी होते, असा अंदाज आहे. तोंड सर्वांत जास्त दुखतं तेही याच दिवसांत. म्हणून पाचव्या आठवड्याची तयारी पहिल्या शेकाच्या आधी करावी लागते. खालचा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे.

## १. आधी दात

हा टप्पा सर्वांत जास्त चुकतो, आणि चुकला की त्याचा त्रास वर्षानुवर्षं पुरतो.

शेकामुळे लाळ आटते आणि जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो. नंतर कधी त्या भागातला दात काढावा लागला तर जखम भरत नाही, हाड उघडं पडून कुजू शकतं. हा धोका दोन-चार महिन्यांत संपत नाही, आयुष्यभर राहतो. त्यामुळे जो दात पुढे त्रास देणार हे आज दिसतंय तो आजच काढायचा.

क्रम असा ठेवा:

१. शेक ठरला त्याच दिवशी रेडिएशनच्या डॉक्टरांकडून दातांच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी मागा. जबड्याच्या कुठल्या बाजूला जास्त डोस जाणार हे त्यात लिहिलेलं असावं.
२. ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे, काढून घ्या.
३. हलणारे, मुळापर्यंत किडलेले, हिरडीत पू असलेले दात शक्यतो एकाच बैठकीत काढून घ्या. गालाला किंवा जिभेला टोचणाऱ्या दातांच्या कडा घासून घ्या. दातांवरचं कीटण साफ करून घ्या.
४. दात काढल्यापासून पहिल्या शेकापर्यंत किमान दहा ते चौदा दिवस जाऊ द्या. हिरडी मिटलेली डॉक्टरांनी डोळ्यांनी पाहिली पाहिजे.
५. फ्लोराइडची जेल किंवा जास्त फ्लोराइडची पेस्ट लिहून घ्या.

आधी ऑपरेशन असेल तर एक गोष्ट सर्जनना आवर्जून विचारा: "खराब दात त्याच भुलीत काढता येतील का?" पुष्कळदा येतात, आणि नंतरचे दोन आठवडे वाचतात. ऑपरेशननंतरचा शेक साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवा, त्यामुळे हे दोन आठवडे लाखमोलाचे आहेत.

दोन उलट चुका दिसतात. एक, "दुखत नाही मग दात कशाला काढायचा?" किडलेलं मूळ आज दुखत नसेल, लाळ आटल्यावर दुखेल, आणि तेव्हा ते काढणं अवघड झालेलं असेल. दुसरी, सगळ्या दातांचं रूट कॅनॉल, कॅप, नवी कवळी असं काम काढून दोन महिने घालवणं. एवढा वेळ रोग देत नाही.

तपासा: "शेकासाठी दात तयार आहेत" असा दातांच्या डॉक्टरांचा सहीचा कागद फाइलमध्ये आहे का? तो नसेल तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

## २. तंबाखू त्याच दिवशी बंद, मिश्रीसकट

"तंबाखू खाता का?" असं विचारलं की बऱ्याच बायका मनापासून "नाही" म्हणतात, कारण सकाळ-संध्याकाळ लावायची मिश्री त्यांच्या लेखी दात घासायची वस्तू असते. म्हणून घरात प्रत्येक वस्तूचं नाव घेऊन विचारा: मिश्री, तपकीर, गुटखा, मावा, खर्रा, नुसती सुपारी, बिडी, सिगरेट. शेक चालू असताना धूम्रपान चालू राहिलं तर उपचाराचा परिणाम कमी होतो आणि तोंडाच्या जखमा जास्त चिघळतात. सुपारीने आधीच आखडलेला जबडा आणखी मिटतो. दारूही पूर्ण बंद.

तलफ सोसत नसेल तर लपवून खाण्यापेक्षा डॉक्टरांना सांगा. सोललेल्या तोंडात निकोटिनची च्युइंगम नको, पण कातडीवर लावायची पट्टी किंवा गोळ्या देता येतात. केंद्र सरकारची मोफत हेल्पलाइन १८००-११-२३५६ अशी आहे. आणि घरातल्या इतरांनी पेशंटसमोर पुडी सोडू नये. हे सांगावं लागतं, म्हणून सांगते.

## ३. कागद, मंजुरी, मुक्काम

महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली शेक घ्यायचा असेल तर हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राकडे (योजनेच्या मदतनिसाकडे) रेशन कार्ड, आधार आणि बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन लगेच जा. मंजुरीला दिवस लागतात आणि ते तुमच्या वेळापत्रकातूनच जातात. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेची तशीच चौकशी करा. आधारवरचं आणि रेशन कार्डवरचं नाव वेगळं असेल तर ते आजच दुरुस्तीला टाका.

मुक्कामाचं आधीच ठरवा. सात आठवडे रोज गावाहून ये-जा करू असं म्हणणारे तिसऱ्या आठवड्यात थकतात. तालुक्यातून जिल्ह्याला दीड तास एसटी, मग रिक्षा, मग रांग, असा दिवस सोललेल्या तोंडाने काढणं फार कठीण असतं. हॉस्पिटलातल्या समाजसेवा विभागात धर्मशाळांची यादी असते. मुंबईत परळला टाटा हॉस्पिटलात येणाऱ्यांपैकी कित्येक जण दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरतात. रेल्वेची कॅन्सर पेशंटसाठीची सवलत हॉस्पिटलच्या ठरावीक फॉर्मवर मिळते, तो फॉर्म पहिल्याच आठवड्यात भरून घ्या.

सोबत कोण राहणार हेही नावानिशी ठरवा. "कुणीतरी येईल" यावर सात आठवडे निघत नाहीत.

## ४. मास्कचा दिवस

शेक देताना मान केसभरही हलू नये म्हणून चेहऱ्याचा, बहुतेक वेळा खांद्यांपर्यंतचा, जाळीदार साचा करतात. प्लास्टिकची पांढरी जाळी गरम पाण्यात मऊ करतात आणि टेबलावर उताणं झोपलेल्या पेशंटच्या चेहऱ्यावर ताणून बसवतात. गरम ओल्या टॉवेलासारखं लागतं, भाजत नाही. पाच-दहा मिनिटांत जाळी गार होऊन कडक होते. त्या वेळी ती चेहऱ्यावर घट्ट आवळल्यासारखी वाटते, पण श्वास चालू राहतो, जाळीला भोकं असतात. त्याच मास्कमध्ये सिटी स्कॅन होतो. मास्कवर मार्करने आणि पट्टीने खुणा करतात. सात आठवडे शेक याच खुणांवर चालतो.

आदल्या दिवशीची तयारी:

- दाढी-मिशा काढून किंवा बारीक करून या, आणि उपचार संपेपर्यंत चेहरा तसाच ठेवा. पुढे वाढलेली दाढी मास्कच्या खाली फुगते आणि मास्क बसत नाही.
- मोठे केस आधी कापून घ्या, किंवा मास्कच्या दिवशी जसे बांधाल तसेच रोज बांधा. मानेमागे अंबाडा नको.
- मंगळसूत्र, कानातलं, नथ, गंडा, कवळी, ऐकायचं यंत्र, सगळं काढायचं. मंगळसूत्र सात आठवडे गळ्यात घालता येणार नाही, कारण त्या जागची त्वचा सोलणार आहे. हे घरातल्या मोठ्यांना आधीच सांगून ठेवा.
- शिरेतून औषध देऊन सिटी करणार असतील तर क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट सोबत हवा. पूर्वी अशा औषधाची ॲलर्जी झाली असेल तर ती आधी सांगा.
- गळ्यात श्वासाची धातूची नळी असेल तर ती प्लास्टिकची करून घ्यायची असते. मास्कच्या आधी.
- बंद जागेची भीती वाटत असेल तर ती मोकळेपणाने सांगा. काही जणांना मास्कचा डोळ्यांवरचा भाग कापून देता येतो, काहींना आधी गोळी देतात.

मास्क झाल्यापासून पहिल्या शेकापर्यंत काही दिवस जातात. डॉक्टर आणि फिजिसिस्ट त्या दिवसांत कॉम्प्युटरवर आखणी करतात: किरण कुठून सोडायचे, पाठीचा मणका आणि लाळेच्या ग्रंथी कशा वाचवायच्या. हा वेळ वाया जात नाही, त्यासाठी भांडू नका. पण या दिवसांत वजन उतरू देऊ नका, कारण मास्क आजच्या चेहऱ्याचा आहे.

सावध: मास्क झाल्यानंतर दात काढू नका. काढावाच लागला तर आधी रेडिएशनच्या डॉक्टरांना विचारा.

## ५. रोजचा क्रम

शेक दुखत नाही, करंट लागत नाही, उष्णता जाणवत नाही. खोलीत पेशंट एकटा असतो, पण बाहेर टेक्निशियन कॅमेऱ्यात पाहत असतात. काही झालं तर हात वर करायचा. आत जाऊन बाहेर यायला दहा ते वीस मिनिटं. बाहेर आल्यावर अंगातून किरण निघत नाहीत. नातवाला मांडीवर घ्या, त्याच ताटात जेवा. वेगळी भांडी, वेगळी खोली यांची काही गरज नाही.

घरून निघण्याआधी गुळण्या, थोडं खाणं, दुखण्याचं औषध. शेकाला जाताना मानेवर क्रीमचा जाड थर नको. शेक झाल्यावर पुन्हा गुळण्या, मग खाणं. आठवड्यातून एकदा डॉक्टरांची तपासणी असते. ती टाळून नुसता शेक घेऊन घरी पळू नका, त्रास लवकर पकडला जातो तो तिथेच.

एक वही करा. रोज चार गोष्टी लिहा: शेकाचा क्रमांक, किती खाल्लं, किती दुखलं (दहापैकी), ताप. आठवड्यातून दोनदा वजन. डॉक्टर "कसं आहे?" विचारतात तेव्हा पेशंट "बरं आहे" म्हणतो. वही खरं सांगते.

## ६. तोंड

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी तोंड लाल होतं, मग सोलतं, पाचव्या ते सातव्या आठवड्यात सर्वांत जास्त. शेक संपल्यावरही दोन ते चार आठवडे राहतं. गुळण्या मात्र पहिल्या दिवसापासून, तोंड चांगलं असतानाच सुरू करायच्या. दुखायला लागल्यावर सवय लावणं जमत नाही.

गुळणीचं पाणी: उकळून कोमट केलेलं एक लिटर पाणी, एक चहाचा चमचा मीठ, एक चहाचा चमचा खायचा सोडा. रोज ताजं करा. जागेपणी दर दोन-तीन तासांनी, आणि प्रत्येक खाण्याआधी व नंतर. खळखळून जोर लावायचा नाही. पाणी तोंडात फिरवायचं, मान दोन्ही बाजूंना कलती करायची, थुंकायचं.

इथल्या चुका:

- खायच्या सोड्याऐवजी धुण्याचा सोडा, बेकिंग पावडर किंवा फसफसणारं पित्ताचं चूर्ण वापरणं. पुडी दुकानदाराकडून नाव वाचून घ्या.
- पाण्यात हळद, लिंबू, तुरटी, त्रिफळा घालणं. सोललेल्या जागी हे सगळं झोंबतं.
- दुकानातलं अल्कोहोलचं, झणझणीत माउथवॉश वापरणं. बेंझिडामीनचं किंवा दुसरं औषधी माउथवॉश डॉक्टरांनी लिहिलं असेल तरच.
- "दुखतंय" म्हणून दात घासणं सोडणं. लहान मुलांचा अगदी मऊ ब्रश घ्या, कोमट पाण्यात भिजवून वापरा. तोही सोसत नसेल तर डॉक्टरांना विचारून ओल्या गॉजने पुसा.

जिभेवर किंवा टाळूवर दह्याच्या कवडीसारखे पांढरे ठिपके दिसले, तोंडाची जळजळ अचानक वाढली, तर ती बहुधा बुरशी असते. तिला औषध आहे आणि त्याने दोन-तीन दिवसांत फरक पडतो. "शेकाचाच त्रास" समजून आठवडाभर सोसत बसू नका.

दुखण्याच्या औषधाबद्दल स्पष्ट सांगते. ते घड्याळ लावून द्यायचं, दुखेल तेव्हा नाही. दुखणं वाढून बसलं की तीच गोळी कमी पडते. साध्या गोळीने भागेनासं झालं की डॉक्टर ट्रॅमाडॉल, मग मॉर्फिन देतात. मॉर्फिनचं नाव ऐकून घरचे हादरतात: "शेवटचं औषध दिलं का?" नाही. सोललेल्या तोंडाने जेवता यावं म्हणून ते दिलेलं असतं. जखम भरली की डॉक्टर डोस हळूहळू उतरवून ते बंद करतात. त्याने बद्धकोष्ठता होते, म्हणून पोट साफ होण्याचं औषध त्याच दिवशी सुरू करा. मेडिकलमधून मनाने डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या आणू नका. सोबत सिस्प्लॅटिन या औषधाची केमो असेल तर मूत्रपिंडावर दुहेरी मार बसतो.

तपासा: पॅरासिटॅमॉल देण्याआधी ताप मोजला का? गोळीने ताप झाकला जातो, आणि आत संसर्ग असेल तर तो उशिरा कळतो.

## ७. पोट आणि वजन

शेक चुकतो तो बऱ्याचदा अशक्तपणामुळे, आणि अशक्तपणा येतो तो "थोडं थोडं घेतोय" या समाधानातून. ५० किलोच्या माणसाला या दिवसांत दिवसाला साधारण १५०० ते १७५० कॅलरी आणि ६० ते ७५ ग्रॅम प्रथिनं लागतात. आता घरात काय दिलं जातं ते पाहा: वरणाचं पाणी, नारळपाणी, मोसंबीचा रस, पातळ ताक. दिवसभर पेला हातात असतो आणि पोटात काहीच जात नाही. वरणाचं पाणी हे पाणीच. डाळ खाली भांड्यात राहते. मोसंबीचा रस तर वर झोंबतोही.

तोंडाने जोवर जातंय तोवर:

- भाकरी आणि पोळी लवकर सुटते. तिच्या जागी मऊ भात नि घट्ट वरण, तूप घातलेली मुगाची गुरगुट्टी खिचडी, दुधात शिजवलेलं नाचणीचं सत्त्व, शेवयांची किंवा रव्याची खीर, केळ्याचं शिकरण, कस्टर्ड.
- प्रत्येक पदार्थात काहीतरी भर घाला: एक चमचा तूप, दूध पावडर, मऊ कुस्करलेलं पनीर. शेंगदाण्याचं कूट टोचतं, घालायचंच तर लोण्यासारखं बारीक वाटून.
- अंडं खात असतील तर पूर्ण शिजवून, दुधात किंवा वरणात घोटून. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं, गाईच्या पावशेर दुधात साधारण आठ.
- तिखट, आंबट, कोरडं बंद. लोणचं, ठेचा, चिंच-कोकम, फोडणीच्या मिरच्या, कोरडे पोहे, फरसाण.
- खाणं कोमट किंवा गार. दिवसातून सहा ते आठ वेळा. भुकेची वाट पाहायची नाही, घड्याळ पाहायचं.

चव जाते, सगळं मातीसारखं लागतं. अशा वेळी "बाबा, तुम्हाला आवडतं ते केलंय" म्हणून आग्रह करण्यात दोघांनाही त्रास होतो. "हे औषध आहे, एवढी वाटी संपवू" असं म्हटलं तर बरं जमतं.

### नाकातली नळी

वजन झपाट्याने उतरू लागलं, पाणीही जाईनासं झालं किंवा गिळताना ठसका लागू लागला की डॉक्टर नाकातून पोटात नळी टाकायला सांगतात. घरचे इथे अडतात. नळी म्हणजे हार असं पेशंटला वाटतं, आणि नातेवाईक "अजून आठ दिवस बघू" म्हणतात. त्या आठ दिवसांत चार किलो जातात, मास्क सैल होतो, नवा मास्क, नवी आखणी, नवा खंड. नळी तात्पुरती आहे, तोंड भरून आलं की काढतात. किती दिवस लागेल त्याप्रमाणे काही जणांना पोटातून थेट नळी सुचवतात.

नळीतून भरवण्याचा क्रम नर्सकडून स्वतःच्या हाताने एकदा करून पाहिल्याशिवाय घरी जाऊ नका:

१. हात साबणाने धुवा. पेशंटला ताठ बसवा, निदान उशा लावून अर्धवट उठवा. आडवं असताना कधीही नाही.
२. नाकपुडीपाशी नळीवर केलेली खूण पाहा. ती पुढे सरकलेली दिसली तर काही घालू नका.
३. ५० मिलीची पिचकारी लावून हलकेच मागे ओढा. पोटातलं पाणी येतं. बरंच जुनं अन्न आलं तर एक तास थांबा.
४. ३० ते ५० मिली कोमट पिण्याचं पाणी घाला.
५. पिचकारीचा दट्ट्या काढून ती नळीला लावा, डोक्याच्या थोडी वर धरा आणि गाळलेलं पातळ खाणं आपल्या वजनाने उतरू द्या. २०० ते २५० मिलीला पंधरा-वीस मिनिटं. दट्ट्याने जोर लावून ढकलू नका.
६. शेवटी पुन्हा ३० ते ५० मिली पाणी. हे विसरलं की नळी तुंबते.
७. अर्धा ते एक तास ताठ बसवून ठेवा.

गोळ्या बारीक कुटून, पाण्यात विरघळवून, एकेक वेगळी द्या. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटायच्या नसतात, त्या डॉक्टरांना सांगून बदलून घ्या. मॉर्फिनच्या बाबतीत हे विसरलं तर जिवावर बेतू शकतं.

सावध: नळी निघाली तर घरी परत आत ढकलू नका. भरवताना खोकला, धाप किंवा ओठ निळसर दिसले तर भरवणं तिथेच थांबवा आणि थेट कॅज्युअल्टीला जा.

नळी असली तरी, डॉक्टरांनी मना केलं नसेल तर, दिवसातून काही वेळा पाण्याचे घोट गिळायचे. गिळायचे स्नायू दोन महिने वापरले नाहीत की ते गिळणं विसरतात.

## ८. मानेची त्वचा

रोज कोमट पाण्याने, सौम्य साबणाने धुवा, टिपून कोरडी करा. चोळू नका. ब्लेडने दाढी नको, हवी तर मशिनने. हळद, चंदन, चुना, खोबरेल तेलात कालवलेलं काही, बाम, पावडर, अत्तर काहीच नको. डॉक्टरांनी दिलेलं मलमच, सांगतील त्या वेळी. ताठ कॉलरचा शर्ट काढून ठेवा, सुती गोल गळ्याचा सदरा बरा. उन्हात जाताना सुती उपरणं किंवा पदर मानेवर सैल घ्या. सोललेल्या कातडीवर चिकटपट्टी लावू नका.

## ९. जबडा

आरशासमोर आपली तीन बोटं उभी तोंडात जातात का, हे पहिल्याच दिवशी पाहून वहीत लिहा. गुटखा, सुपारीवाल्यांचं तोंड आधीच दोन बोटांवर आलेलं असतं. शेकाने ते आणखी मिटतं, आणि मिटलेलं तोंड नंतर उघडणं फार कठीण.

व्यायाम दिवसातून पाच-सहा वेळा: तोंड जेवढं उघडेल तेवढं उघडून दहापर्यंत मोजा, दहा वेळा. जबडा डावीकडे-उजवीकडे. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या, आठवड्याला जमेल तशी एक काडी वाढवायची. हे काड्यांचं डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टना दाखवून, हलणारा दात नसेल तरच. तोंड सोललं की काड्या थांबवा, पण नुसतं उघडझाप चालू ठेवा.

## १०. सोबत केमो असेल तर

बऱ्याच जणांना शेकाबरोबर सिस्प्लॅटिन देतात, आठवड्यातून एकदा किंवा तीन आठवड्यांतून एकदा. प्रत्येक वेळी आधी रक्तपेशी आणि क्रिएटिनिन तपासतात. केमोच्या आदल्या दिवशी, त्या दिवशी आणि नंतरचे दोन-तीन दिवस डॉक्टर सांगतील तेवढं पाणी पोटात गेलंच पाहिजे, तोंडाने किंवा नळीने. कानात शिट्टी वाजल्यासारखं झालं, कमी ऐकू आलं, लघवी कमी झाली तर पुढच्या डोसच्या आधी सांगा. रक्तपेशी कमी आल्या म्हणून केमो पुढे ढकलली तर शेकही आपोआप थांबतो असं नाही. तो चालू ठेवायचा का, हे स्वतंत्र विचारा. पुष्कळ घरं इथे गैरसमजाने आठवडा घालवतात.

### हे दिसलं तर तारखेची वाट पाहू नका

- ताप १००.४ किंवा त्याहून जास्त
- तोंडातून किंवा मानेतून रक्त, थेंब-थेंब का होईना
- श्वास घेताना घरघर, शिट्टीसारखा आवाज, धाप
- स्वतःची लाळही गिळता न येणं
- बारा तासांत लघवी जवळपास नाही, चक्कर, भ्रमल्यासारखं बोलणं

## ११. तरी शेक चुकलाच तर

मशिन बिघडतं, सणाची सुट्टी येते, ताप येतो. गणपती-दिवाळीला गावी जाणं हे मात्र कारण होऊ शकत नाही. सुरुवातीलाच कॅलेंडर घेऊन बसा आणि विभागाला विचारा, सुट्टीच्या आठवड्यात भरपाई कशी करणार. काही ठिकाणी शनिवारी शेक देतात, काही वेळा एका दिवशी दोन, मध्ये किमान सहा तास ठेवून. हे ठरवणं डॉक्टरांचं काम आहे, पण "साहेब, माझे दोन शेक चुकलेत, ते कसे भरून काढायचे?" हे विचारणं तुमचं. शेवटी दोन दिवस जोडून दिले म्हणजे हिशेब पूर्ण झाला असं नसतं, लांबलेले दिवस लांबतातच.

## १२. शेवटच्या शेकानंतर

शेवटचा शेक झाला की पेढे वाटतात, वाटा. पण पुढचे दहा-पंधरा दिवस त्रास वाढू शकतो. गुळण्या, दुखण्याची औषधं, नळी, काहीही त्या दिवशी बंद करू नका. नळी कधी काढायची हे वजन आणि गिळणं पाहून डॉक्टर ठरवतील.

पहिली तपासणी साधारण सहा आठवड्यांनी. फक्त शेकावर उपचार झाले असतील तर पेट-सिटी (रोग उरला आहे का ते पाहायचा स्कॅन) साधारण बारा आठवड्यांनी करतात. त्याआधी घाईने केला तर सूज आणि रोग यांत फरक कळत नाही, उगाच धसका बसतो. रोग परतलाच तर तो बहुतेक पहिल्या दोन वर्षांत, म्हणून त्या काळातली एकही तारीख सोडू नका. थायरॉइडसाठी टीएसएच ही रक्ततपासणी दर सहा ते बारा महिन्यांनी. मान शेकात असेल तर थायरॉइड मंद होऊ शकतं, आणि त्याने येणारा थकवा "कॅन्सरमुळे आलेला अशक्तपणा" म्हणून वर्षभर अंगावर काढणारे आहेत.

चव बहुतेकांची काही महिन्यांत परत येते. लाळ पूर्वीइतकी येत नाही, तेव्हा पाण्याची बाटली कायम सोबत. कमी लाळेत दात लवकर किडतात, म्हणून फ्लोराइड रोज आणि दर सहा महिन्यांनी दातांची तपासणी. जबड्याचे व्यायाम वर्षभर तरी.

आणि दातांच्या कुठल्याही दवाखान्यात गेलात, दहा वर्षांनी गेलात तरी, खुर्चीवर बसण्याआधी सांगा: "मला जबड्याला शेक दिलेला आहे." शेकाचा सारांश असलेला कागद लॅमिनेट करून घरात ठेवा, त्याचा फोटो मुलांच्या मोबाइलमध्ये असू द्या. त्यावर किती ग्रे, कुठल्या बाजूला, कधी संपला हे लिहिलेलं असतं. तो पाहून, आणि रेडिएशनच्या डॉक्टरांशी बोलूनच, दात काढायचा की नाही ते ठरतं.